ताशी शंभरच्या शोधात

पन्नाशी ओलांडलेला कुठलाही मराठी माणूस घ्या, तरुणपणी तो फास्ट बोलर असतो. आपण स्पिनर होतो असं सहसा कोणी सांगत नाही, कारण स्पिनला पुरावा लागतो. बॉल वळलेला चार जणांनी पाहिलेला असावा लागतो. वेगाचं तसं नाही. वेग एकदा आठवणीत जाऊन बसला की तपासायला कोणी येत नाही. उलट दर दिवाळीला तो चार-पाच किलोमीटरांनी वाढतो. माझा वेग याच पद्धतीने, मैदानाचं तोंडही न बघता, ताशी १२० पर्यंत पोचला होता.

पुरावा अगदीच नव्हता असं नाही. कॉलेजात मी बोलिंगला आलो की कीपर स्टंपांपासून चांगला लांब जाऊन उभा राहायचा. ही गोष्ट आमच्या घरात सोफ्याच्या कव्हरालासुद्धा पाठ आहे. त्या मैदानावर गुड लेंग्थच्या जागी एक दगड वर आलेला होता आणि आदल्या मोसमात त्या दगडावरून उडालेल्या बॉलने त्याच कीपरचा पुढचा अर्धा दात नेला होता, हा तपशील मात्र मी गाळतो. गोष्ट उगाच लांबते.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत दर जानेवारीत टेनिस बॉलची स्पर्धा असते. ए विंग विरुद्ध बी विंग. संघ निवडायच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी माझा ‘ज्येष्ठ सभासद’ असा गौरव करून मला अंपायर करायचा घाट घातला. तेव्हा मी नाइलाजाने आकडा काढला.

“आमच्या वेळी सहज एकशेवीसने टाकायचो. आता तेवढं नाही जमणार. आता फार तर शंभर.”

शंभर म्हणताना मी आवाजात विनय ठेवला होता. सगळे गप्प बसले. सुटीला आलेली माझी पुतणी तेवढी बिस्किट चहात बुडवता बुडवता थांबली. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही आकड्याला आता सुख राहिलेलं नाही.

“काका, एकशेवीस कशाने मोजलं होतं?”

“त्या काळी कुठे होती गं यंत्रं!”

बिस्किट चहात पडलं, पण तिने फोन काढलाच. १९७५ च्या डिसेंबरात पर्थच्या कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध जेफ थॉमसनचा चेंडू अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपून मोजला होता: ताशी १६०.४५ किलोमीटर. पुढे १९७९ मध्ये पर्थलाच जगातल्या फास्ट बोलरांची स्पर्धा लावली. तिथेही थॉमसनच पहिला आला, १४७.९ ने. मायकेल होल्डिंग १४१.३, इम्रान खान १३९.७.

“तुम्ही तेव्हा शाळेत होतात ना, काका?”

शाळेत होतो हे खरंच, पण माझं लक्ष भलत्याच गोष्टीकडे होतं. माणूस तोच, गाव तेच, आणि दोन आकड्यांत साडेबारा किलोमीटरांचा फरक! मधल्या काळात, १९७६ मध्ये, अॅडलेडला कॅच घेताना ॲलन टर्नरशी टक्कर होऊन त्याचा खांदा निखळला होता, असं पुतणी पुढे सांगत होती. ते मी ऐकलं नाही. मोजण्याची तऱ्हा बदलली की आकडा बदलतो, एवढं मला कळलं होतं आणि तेवढं मला पुरेसं होतं. शंभरला पोचण्यासाठी व्यायाम करण्याची गरज नव्हती. योग्य माणसाकडून, योग्य जागेवरून मोजून घ्यायचं होतं.

रविवारी सकाळी पार्किंगमधल्या गाड्या हलवून ट्रान्सफॉर्मर ते पाण्याची टाकी अशी पट्टी मोकळी केली. इलेक्ट्रिशियनची मोजपट्टी आणून २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर मोजले. वेळ लावायला दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका नेमले, कारण त्यांच्याकडे स्टॉपवॉच होतं आणि हिशेबाच्या बाबतीत त्यांची ख्याती होती. बॉल हातातून सुटला की बटण दाबायचं, स्टंपाशी पोचला की पुन्हा दाबायचं. पहिला बॉल टाकीच्या झाकणावर गेला, तो धरला नाही. त्यापुढचा बऱ्यापैकी सरळ गेला. काकांनी घड्याळ डोळ्यांपासून लांब धरलं आणि जाहीर केलं, “शून्य पूर्णांक सात सेकंद.”

२०.१२ भागिले ०.७, गुणिले ३.६. मी तोंडी केलं, पुन्हा फोनवर केलं. ताशी १०३! मी हात वर करून टाकीला अर्धी प्रदक्षिणा घातली.

“काका, बॉल तुम्ही मागच्या स्टंपांतून सोडलात का?” पुतणीने विचारलं. “तुमचा पाय पुढच्या क्रीझवर होता. ती स्टंपांच्या चार फूट पुढे असते. बॅटरही तिकडे त्याच्या क्रीझवर उभा राहतो. मधलं अंतर १७.६८ मीटर. बॉल तेवढाच जातो.”

म्हणजे जो प्रवास बॉलने केलाच नाही, त्या आठ फुटांचा भत्ता मी लावला होता. नवा हिशेब: ९१. एका वाक्यात बारा किलोमीटर गेले. काकांना मात्र त्यांचं घड्याळ बरोबर आहे याचं समाधान होतं, ते पुतणीने तिथल्या तिथे काढून घेतलं. डोळ्याला दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. सुरुवातीला उशीर झाला आणि शेवटाला अंदाजाने आधीच दाबलं, किंवा उलट झालं, तर ०.७ च्या जागी खरा वेळ ०.५ असू शकतो किंवा ०.९. म्हणजे माझा वेग ताशी १२७ असेल किंवा ताशी ७१.

“१२७,” मी म्हणालो.

“नाहीतर ७१.”

“असेल. पण १२७ सुद्धा असू शकतो ना? विज्ञान नाही म्हणत नाही ना?”

विज्ञान नाही म्हणत नव्हतं. मी १२७ घेऊन घरी गेलो आणि जेवताना बायकोला सांगितला. ती म्हणाली, “अहो, स्कूटर चाळीसच्या वर गेली की मला हळू चालव म्हणता तुम्ही.”

१२७ दुपारच्या झोपेपर्यंत टिकला. चार वाजता पुतणी फोनचा स्टँड घेऊन खाली उभी होती. तिचं म्हणणं सरळ होतं: माणसाचं बोट काढून टाकायचं, कॅमेरा लावायचा. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रं, स्लो-मोशनमध्ये २४०. कॅमेरा बाजूला, लांब, पिचच्या मधोमध. हातातून सुटलेलं चित्र शोधायचं, पोचल्याचं शोधायचं, मधली मोजायची. बोटाची चूक दोन-तीन दशांश सेकंदांची असते, इथली फार तर दोन-चार हजारांशांची. २००१ मध्ये लॉर्ड्सवरच्या कसोटीत टीव्हीवर पहिल्यांदा दिसलेलं हॉक-आयसुद्धा मुळात चित्रांवरच चालतं. फक्त त्यांचे कॅमेरे अनेक आणि आमचा एक, तोही स्टोरेज भरल्याची तक्रार करणारा.

आकड्याचं नंतर सांगतो. आधी त्या चित्रणाविषयी दोन शब्द बोलणं भाग आहे. तीस-पस्तीस वर्षं मी माझ्या रनअपकडे आतून पाहत आलो होतो. आतून तो होल्डिंगसारखा होता. जमिनीला पाय लागतो आहे की नाही असं वाटावं इतका हलका. बाहेरून, सेकंदाला २४० चित्रांनी, तो रेशनच्या रांगेत आपला नंबर पुकारल्यावर लगबगीने पुढे होणाऱ्या माणसासारखा होता, एका हाताने विजार सावरत. क्रीझजवळ येताना वेग वाढायला हवा, तिथे मी चक्क जरासा थांबत होतो. उडी म्हणून जे मी आयुष्यभर मारत आलो त्यात दोन्ही पाय एका वेळी जमिनीपासून सुटल्याचं चित्र पुतणीला बराच वेळ सापडेना. शेवटी एक सापडलं. त्यातही मागच्या चपलेची टाच टेकलेली असावी असा बँकवाल्या काकांचा दावा होता, आणि ते थर्ड अंपायरच्या गंभीरपणे तो पुढेमागे सरकवून बघत होते.

चित्रं भरली २१२. म्हणजे ०.८८ सेकंद. म्हणजे ताशी ७२.

“ही सरासरी आहे,” माझा चेहरा बघून पुतणी घाईने म्हणाली, आणि इथे पहिल्यांदा विज्ञान माझ्या बाजूने बोललं. बॉल सगळी वाट एकाच वेगाने जात नाही. हातातून सुटतो तो क्षण सगळ्यात वेगाचा. पुढे हवा त्याला सतत मागे ओढते. टीव्हीवर १४५ दिसतं ते हातातून सुटल्या-सुटल्याचं. कातडी बॉल टप्पा पडायच्या आधीच त्यातला दहावा हिस्सा हवेत घालवतो आणि टप्प्यावर आणखी काही जमीन खाते, त्यामुळे बॅटरपर्यंत १४५ कधीच पोचत नाहीत. टेनिस बॉलचं तर फारच वाईट. कातडी बॉल असतो १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टेनिसचा साठ ग्रॅमसुद्धा नाही. आकार मात्र जवळपास तेवढाच. अंगात वजन नाही आणि हवेला अडवायला अंग तेवढंच, म्हणून पलीकडे जाईपर्यंत त्याचा पाव हिस्सा वेग सहज जातो, कधी त्याहून जास्त. तिने कागदावर गणित मांडलं. माझ्या हातातून बॉल सुटताना ताशी ८६ च्या आसपास असावा, बॅटरपाशी पोचताना ६० च्या आसपास.

“म्हणजे मी ८६.”

“हातापाशी.”

“बॉल मी हातानेच टाकतो ना?”

७२ वरून ८६ झालो होतो. शंभरला चौदा कमी. एवढे तर यंत्राच्या गुणदोषात निघतील, असं मला वाटलं. नाचता येईना त्याने अंगण मोजायला बसू नये, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

मग स्पीड गन आली. माझ्या एका मित्राची क्रिकेट अकादमी आहे, तिथून रविवारपुरती मागून आणली. दिसायला केस वाळवायच्या यंत्राची थोरली बहीण. बायकोने ती आधी तशीच उचलली आणि घोडा दाबून बघितला. शून्य आलं. “तुमचाच वेग दाखवते वाटतं,” म्हणाली.

हिच्या पोटात काय चालतं ते डोंबिवलीकराला सांगायला फार शिकावं लागत नाही. प्लॅटफॉर्मवर उभं असताना न थांबणारी गाडी भोंगा वाजवत येते, तेव्हा भोंग्याचा सूर चढा असतो. आपल्याला ओलांडून गेली की तोच सूर एकदम उतरतो. १८४२ मध्ये ख्रिस्तियन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हे का होतं ते मांडलं, आणि १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट नावाच्या गृहस्थांनी त्याची परीक्षा घेतली. आगगाडीत तुतारीवाले बसवले, रुळांशेजारी सुरांची जाण असलेली माणसं उभी केली आणि गाडी पळवली. विज्ञानाच्या इतिहासात मला करता आलं असतं असं एवढं एकच काम दिसतं, गाडीत बसण्याचं. गनमध्ये तुतारीच्या जागी रेडिओलहरी असतात. सेकंदाला सुमारे २४ अब्ज कंपनांची लहर जाते, बॉलवर आपटून परत येते आणि बॉलच्या वेगाप्रमाणे कंपनांचा आकडा किंचित बदलतो. ताशी शंभरच्या बॉलला हा बदल साडेचार हजारांच्या आसपास. तेवढ्यावरून गन वेग सांगते. २४ अब्जांतले साडेचार हजार! आयुष्यभर लेजर तपासलेले बँकवाले काका ते ऐकून भारावून खुर्चीत बसले.

पहिल्या बॉलला आकडा आला ५९.

“यंत्र बिघडलंय,” मी म्हणालो. गन धरून सेक्रेटरी उभे होते, पिचच्या कडेला, कारण समोर उभं राहायला त्यांना भीती वाटत होती. माझ्या वेगाची नाही, दिशेची. पुतणीने पिच आणि गन यांच्यामधला कोन डोळ्यांनी मापला, म्हणाली, “पंचेचाळीस अंश असेल. गनला बॉल आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर किती वेगाने जातो तेवढंच कळतं. तिरकं उभं राहिलं की तेवढा हिस्साच दिसतो.” वीस अंशांवर आकडा शंभरातून सहा कमी येतो, तीस अंशांवर तेरा, पंचेचाळीसवर जवळजवळ तीस. साठ अंशांवर निम्मा. आणि अगदी काटकोनात उभं राहिलं तर समोरून शोएब अख्तर टाकत असला तरी आकडा शून्याच्या आसपास. शिवाय ही चूक नेहमी कमीच दाखवते, जास्त कधीच नाही. नियम ऐकून मला फार बरं वाटलं. आतापर्यंत जगाने मला तिरकसच पाहिलं होतं.

गन माझ्या मागे, बॉलच्या रेषेत नेली. ८४.

पुन्हा टाकला. ८३. घसा खाकरून, बाह्या सरसावून टाकला. ८४. त्यानंतरच्या बॉलला सेक्रेटरींनी “कोपर वाकतंय हं” असं म्हटलं. आयसीसीच्या नियमाने कोपर पंधरा अंशांपर्यंत सरळ झालेलं चालतं, आणि पंधरा अंश नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, असं मी ठणकावून सांगितलं. “तुमचे दिसतात,” ते म्हणाले. तो बॉल ९२ होता. माझ्या मते तो अधिकृत धरायला हरकत नव्हती, पण मतदान झालं.

मग तो क्षण आला. जागा थोडी बदलून, गन जराशी उजवीकडे वळवून पुतणी उभी राहिली. मी आलो, सुटलो, आणि मागून तिचा आवाज आला, “एकशे एक?”

प्रश्नचिन्ह मला ऐकू आलं नाही. मी दोन्ही हात पसरून विमानासारखा ए विंगपर्यंत गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून काय झालं विचारलं, त्यांना सांगितलं. वॉचमनला सांगितलं. परत आलो तेव्हा पुतणी गन तशीच धरून उभी होती, आणि समोर कोणीही बोलिंग टाकत नव्हतं. आकडा होता १०१. तिने घोडा सोडला, पुन्हा दाबला. १०१. बॉल टाकीच्या खाली चिखलात होता.

पलीकडे, बॅटरच्या मागे, वॉचमनच्या केबिनमध्ये त्याचा जुना लोखंडी पात्यांचा टेबलफॅन आडव्या तोंडाने चालू होता. सोळा इंची पंख्याचं पातं मिनिटाला साडेतेराशे फेरे मारत असेल, तर त्याचं टोक ताशी शंभरच्या आसपासच धावतं. पुतणीने हे गणित उभ्या उभ्या केलं. वॉचमनने पंखा बंद केला, आकडा पडला. वॉचमनने पंखा चालू केला, १०१. हा प्रयोग त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळा केला असं माझं मत आहे.

मी हार मानली नाही. यंत्रं चुकतात, आणि मोठमोठ्यांची चुकतात. २०२२ च्या जूनमध्ये आयर्लंडमधल्या टी-ट्वेंटीत टीव्हीच्या पडद्यावर भुवनेश्वर कुमारचा वेग चक्क २०१ दाखवला होता. २०२४ च्या डिसेंबरात अॅडलेड कसोटीत मोहम्मद सिराजचा १८१.६ झळकला. यंत्रणेची गडबड होती, सगळे हसले आणि सोडून दिलं. सिराजला १८१ ची चूक माफ आणि मला १०१ ची नाही, हा कुठला न्याय? शोएब अख्तरचंच घ्या. २००२ च्या एप्रिलमध्ये लाहोरला न्यूझीलंडविरुद्ध त्याचा १६१ लागला, तर यंत्र मान्यताप्राप्त नाही म्हणून आयसीसीने तो धरला नाही. बिचाऱ्याला २२ फेब्रुवारी २००३ ला विश्वचषकात, केपटाउनला, इंग्लंडच्या निक नाइटला १६१.३ चा बॉल टाकून पुन्हा सिद्ध करावं लागलं. “म्हणजे पुन्हा सिद्ध करता येतं, काका,” पुतणी म्हणाली. तिच्या या सवयीविषयी मी माझ्या भावाशी बोलणार आहे.

आणि खरं तर वेगाने होतं काय? त्या १६१.३ वर नाइट आउट झाला नाही, आणि पाकिस्तान तो सामना ११२ धावांनी हरलं. २०२२ च्या आयपीएलमध्ये आपल्या मुंबईतच, ब्रेबॉर्नवर, उम्रान मलिकने १५७ ने बॉल टाकला आणि रोवमन पॉवेलने त्याला चौकार मारला. हे सगळं मी त्या संध्याकाळी गच्चीवर बोलून दाखवलं. कोणी वाद घातला नाही. फक्त पुतणीने जाता जाता दोन आकडे ठेवले: रवींद्र जडेजा नव्वदच्या आसपास फिरकी टाकतो, आणि मुंबई इंडियन्सच्या शबनिम इस्माइलने २०२४ च्या मार्चमध्ये १३२.१ ने टाकला. म्हणजे देशातल्या स्लो बोलरपेक्षा मी स्लो होतो, आणि मुलींचं तर नावच काढायला नको.

रात्री वजनकाट्यावर उभा राहिलो तर तिथेही ८४. वजन ८४ किलो, वेग ताशी ८४. हा योगायोग बायकोने तिच्या बहिणीला सांगितला, तिने तिच्या नवऱ्याला, आणि तो आमच्या सेक्रेटरींबरोबर आठ बाराच्या लोकलने जातो. सकाळी नऊच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर दोन्ही आकडे होते, मध्ये बरोबरचं चिन्ह घालून.

या चिन्हामुळेच मी पुस्तकं उघडली. खरा फास्ट बोलर वेग हातात तयार करत नाही, पायात करतो. धावत येतो, आणि पुढचा पाय सरळ, गुडघा न वाकवता जमिनीत रोवतो. खालचं अंग तिथे अडतं, वरचं त्याच्यावरून फेकलं जातं, आणि धावण्याचा सगळा वेग कमरेतून खांद्यात, खांद्यातून बोटांत चढतो. माझा गुडघा चित्रणात नम्रपणे वाकत होता. सगळे किलोमीटर तिथे सांडत होते. उपाय सोपा होता. पुढच्या रविवारी गन परत द्यायच्या आधी मी पंखा बंद करायला लावला, लांबून धावत आलो, थांबलो नाही, आणि पाय खांबासारखा सरळ रोवला.

त्याच पुस्तकात पुढच्या पानावर लिहिलं होतं की अशा वेळी जमीन त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपट आणि त्याहून जास्त जोराने उलट दाबते. ८४ पंचे ४२०. चार क्विंटल. ते पान मी नंतर वाचलं, पाय उशीवर ठेवून.

बॉलचं काय झालं ते कोणी पाहिलं नाही, कारण सगळे माझ्याकडे धावले. गनने आकडा टिपला होता, पण तो बॉलचा की माझा यावर मतभेद आहेत. डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला, काय करत होतात विचारलं. फास्ट बोलिंग म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकवार पाहिलं आणि कागदावर ‘पडले’ असं लिहिलं. सहानुभूती म्हणून सांगू लागले की तेही कॉलेजात फास्ट टाकायचे, साधारण एकशेतीसने. मी विचारलं, कशाने मोजलं होतं? त्यांनी लगेच पुढच्या पेशंटला बोलावलं.

स्पर्धेत मला खेळता येणार नव्हतं. पट्टा बांधलेल्या गुडघ्याने अंपायर म्हणून उभंही राहवेना. मग सेक्रेटरीच मोठ्या मनाने म्हणाले, “तुम्हाला त्या गनची माहिती आहे, तुम्ही स्पीडवर बसा. या वर्षी प्रत्येक बोलरचा वेग बोर्डावर लिहू. पोरांना मजा येते.” मित्राकडून गन पुन्हा आणली. मला खुर्ची दिली, छत्री दिली, खडू दिला. मी प्रामाणिकपणे गन बोलरच्या मागे, बॉलच्या रेषेत लावली. बी विंगमधल्या, ओठांवर अजून मिशीसुद्धा न फुटलेल्या एका पोराने पहिलाच बॉल ९६ ने टाकला, तो मी जड हाताने पण बरोबर लिहिला. बँकवाले काका ५२. लिहिला. पुतणी मुद्दाम उतरली होती, तिचा ६८.

मग सेक्रेटरी बोलिंगला आले. कपाळाला पट्टी, अंगठ्याला थुंकी. रनअप घ्यायला ते थेट गेटपर्यंत मागे गेले. ग्रुपवरचं ते बरोबरचं चिन्ह माझ्या डोळ्यांपुढे आलं. मला ऊन लागायला लागलं. मी खुर्ची उचलून पिचच्या कडेला, सावलीत नेली.

त्यांनी बॉल टाकला. चांगला टाकला, मी नाही म्हणत नाही. मी बोर्डावर ४१ लिहिलं.

“एक्केचाळीस?” ते ओरडले.

“यंत्र आहे, साहेब. आपण काय करणार?”

पुतणी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पिचकडे पाहिलं, गनकडे पाहिलं. हळूच म्हणाली, “काका, साठ अंश आहे इथून. निम्माच येणार.”

“माहीत आहे.”

“दुप्पट करून लिहू का?”

“स्पर्धा संपल्यावर लिहू.”

सेक्रेटरींनी दात-ओठ खाऊन पुढचा रनअप सुरू केला, या वेळी गेटच्याही बाहेरून. तोवर ऊन आणखी थोडं सरकलं होतं, त्यामुळे मलाही सरकावं लागलं.

अठ्ठावीस.